सेक्शन दाखवा, मग सही मागा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय
मा. मुख्य अधिकारी, मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, म्हाडा

विषय : पुनर्वसनाच्या इमारतींसमोरची मोकळी जागा आणि तिच्यात मिळणारी सूट

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या चाळीतले चार जण गुंडाळलेला नकाशा काखेत मारून माझ्याकडे आले. पुढच्या रविवारी त्यांची सभा होती आणि सभेत पुनर्विकासाच्या संमतीच्या सह्या घ्यायच्या होत्या. "काका, तुम्ही ड्राफ्ट्समन होतात. जरा बघून सांगा, सही करायची का?" त्यांच्यासोबत एक गुळगुळीत रंगीत पुस्तिकाही होती. तिच्यात 405 चौरस फुटांची खोली, ग्रॅनाइटचा ओटा आणि पांढऱ्या फरशीवर खेळणारं एक गोरंपान मूल. त्यांचे प्रश्न साधे होते. देव्हारा पूर्वेला बसेल का, ओट्याशेजारी फ्रीज मावेल का.

मी विचारलं, सेक्शन कुठाय?

चौघंही एकमेकांकडे बघायला लागले. सेक्शन म्हणजे काय, हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सेक्शन म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल तसा नकाशा. इमारतींची उंची आणि मधलं अंतर त्यात एकत्र दिसतं.

म्हणून साइट प्लॅनवर पट्टी ठेवून मीच मोजलं. पुनर्वसनाची इमारत 22 मजली, विक्रीचा टॉवर 48 मजली, आणि दोन्हींच्या भिंतींमध्ये अंतर 6 मीटर 40 सेंटिमीटर. प्रत्येक मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांच्या खिडक्या या फटीत उघडणार. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, मोकळ्या जागेतली कमतरता ‘कन्सेशन’प्रमाणे माफ करावी अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. ती मला वाचावीही लागली नाही. अशा ओळी मी स्वतः 36 वर्षं लिहिल्या आहेत.

माझी ओळख एवढीच. वडील गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि घरातला पगार थांबला तो कायमचाच. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा दाखला घेतला आणि 1983 मध्ये फोर्टातल्या एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात चिकटलो. आधी ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगचं पेन, पुढं कॉम्प्युटर. महापालिकेत सादर करायच्या नकाशात पाडायचं बांधकाम पिवळ्या रंगात आणि बांधायचं ते लाल रंगात दाखवतात, हे आपल्याला सांगायला नको. या हातानं गिरणगावातल्या कितीतरी चाळी पिवळ्या केल्या. आमची स्वतःची चाळ मात्र दुसऱ्या ऑफिसनं पिवळी केली. मी माझ्याच घराच्या नकाशावर डोळे झाकून सही केली, कारण खोलीचा प्लॅन चांगला होता आणि सेक्शन मागायचं मलाही सुचलं नाही. ड्राफ्ट्समन असून! त्यामुळे हे पत्र लिहिताना मी स्वतःला निर्दोष समजत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. चाळीच्या आठवणी काढून गळा काढण्यासाठी हे पत्र नाही. सकाळी संडासाची रांग, पावसाळ्यात माळ्यावरच्या पत्र्याखाली ठेवलेली पातेली, गरोदर बाईनं तीन मजले चढायचे लाकडी जिने, हे सगळं मी भोगलंय. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून 33 माणसं गेली. जुन्या इमारतींचं काय होतं ते मुंबईला दर पावसाळ्यात दिसतं. पुनर्विकास हवाच, उंच इमारतीही हव्यात. एवढ्याशा बेटावर माणसं वर गेल्याशिवाय मावणार नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझं भांडण उंचीशी नाही, दोन उंचींच्या मधल्या फटीशी आहे.

आता माझी खिडकी. सहा वर्षं संक्रमण शिबिरात काढून आम्ही 2014 मध्ये नव्या इमारतीत आलो. अठरा मजले, प्रत्येक मजल्यावर बारा घरं. मी नवव्या मजल्यावर. आमच्या पूर्वेला, म्हणजे जिकडून सूर्य आणि बंदराचा वारा येतो तिकडे, विक्रीचा 42 मजली टॉवर. तिकडच्या घरांना बंदर दिसतं, त्या देखाव्याचे वेगळे पैसे घेतलेत. आमच्या भिंतीपासून त्यांच्या भिंतीपर्यंत साडेनऊ मीटर. माझ्या खिडकीच्या वर त्यांची भिंत साधारण 105 मीटर चढते. खुर्चीवर बसून आकाश बघायचं तर मान जवळजवळ 85 अंशांत वर करावी लागते. मला स्पॉन्डिलायसिस आहे, म्हणून मी आकाश बघत नाही.

सवयीनं मी वहीत नोंदी ठेवल्या. मेच्या मध्याला, मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो त्या आठवड्यात, सव्वाबारा ते बारा पस्तीस एवढा वेळ ग्रिलवर ऊन पडतं. आत येत नाही. डिसेंबर-जानेवारीत टॉवरच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्याआडून सकाळी साडेदहाच्या सुमाराला वीसेक मिनिटं एक कवडसा फरशीवर सरकतो. बाकी वर्षभर दुपारी बारा वाजताही पेपरातले मथळे तेवढे वाचता येतात, बातमी वाचायची तर ट्यूबलाइट लावावी लागते. लालबाग मसाल्यांसाठी प्रसिद्ध. इथं उन्हाळ्यात घराघरांतून मिरच्या वाळायच्या. आमच्या गच्चीला कुलूप आहे आणि घरात ऊन नाही, म्हणून माझी बायको मिरच्यांची पिशवी घेऊन लोकलनं डोंबिवलीला नणंदेकडे जाते, तिथं चार दिवस वाळवते आणि कुटायला परत लालबागला आणते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, एवढ्या दाट शहरात उजेडाचे हट्ट कसे परवडतील? तर याच शहराच्या इतिहासातलं एक पान आपल्यासमोर ठेवतो. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट घरांत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यातून 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. त्याच्या बीआयटी चाळी आजही आहेत, परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वर्षानुवर्षं राहिले. या ट्रस्टनं उजेडाचा एक नियम केला, साडेत्रेसष्ट अंशांचा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तो हिरिरीनं मांडला. भूमितीत अर्थ अगदी सोपा : समोरची भिंत मधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा उंच नको. दहा फूट मोकळी जागा सोडा, समोर वीस फूट चढा. मनाचा मोठेपणा म्हणून हा नियम झाला नव्हता. अंधारात रोग वाढतो हे साहेबाला मसणातल्या हिशोबावरून कळलं होतं.

तो नियम माझ्या खिडकीला लावला, तर समोरची भिंत माझ्या वर 19 मीटर, म्हणजे सहा मजले, चढू शकते. ती 105 मीटर चढलीय. शेजारच्या चाळीच्या नव्या नकाशाला लावला तर चार मजले. तिथं टॉवर 48 मजल्यांचा आहे.

त्या अर्ध्याच्या प्रमाणावरून आपण हळूहळू खाली आलो. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत उजेड-वाऱ्यासाठीची मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या एक-तृतीयांश होती. 2018 मध्ये नवी नियमावली आली तेव्हा तेही प्रमाण आणखी खाली आलं. शिवाय उंची एका मर्यादेपलीकडे गेली की मोकळी जागा वाढतच नाही, मग तुम्ही पन्नास मजले बांधा की सत्तर. एवढं सैल करूनही जी जागा कमी पडते, तिच्यासाठी ‘कन्सेशन’ असतं. माझं मुख्य गाऱ्हाणं इथं आहे.

पत्र आपल्याला असलं तरी ते वाचणार आमची चाळकरी माणसं आहेत, म्हणून त्यांच्यासाठी व्यवहार उलगडून सांगतो. नकाशा महापालिकेत जातो. मोकळी जागा नियमापेक्षा कमी आहे हे वास्तुरचनाकार स्वतःच तक्त्यात लिहून देतो : हवी एवढी, दिली एवढी, कमतरता एवढ्या टक्क्यांची. कारण म्हणून ‘भूखंडाचा आकार’ किंवा ‘नियोजनातील अडचण’ लिहायचं. मी हे दोन शब्द इतक्या वेळा लिहिलेत की झोपेत उठवलंत तरी लिहीन. भूखंडाचा आकार बहुतेक वेळा नीट चौकोनी असायचा. अडचण एकच असायची, ती म्हणजे विक्रीच्या टॉवरमधलं एकही घर कमी करायचं नाही. मग प्रस्ताव वर जातो, अधिमूल्य, म्हणजे सवलतीसाठी भरायचा प्रीमियम, ठरतं, पैसे भरले जातात आणि कमतरता ‘माफ’ होते. पुनर्वसनाचा प्रकल्प म्हणून त्या अधिमूल्यातही सूट मिळते. शेवटी महापालिका कायद्याच्या कलम 346 खाली आयओडी निघतो. परवानगीच्या कागदाला ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नापसंतीची सूचना, म्हणणारं शहर जगात दुसरं असेल असं मला वाटत नाही. पण एका अर्थी नाव बरोबरच आहे म्हणायचं.

या सगळ्यात नुकसान कोणाचं झालं? ज्याच्या खिडकीसमोर भिंत आली त्याचं. पैसे कोणाला मिळाले? सरकारी तिजोरीला. घरं कोणाला मिळाली? विकासकाला. ज्याचा उजेड गेला त्याला काय मिळालं? त्याला तर साधी नोटीसही नाही. रस्त्यात झाड तोडायचं असलं तरी झाडावर कागद चिकटवून हरकती मागवता, आमच्या खिडक्या बुजवताना चाळीच्या फळ्यावर चिठ्ठीसुद्धा लावत नाही. 2021 मध्ये सरकारनं बांधकाम क्षेत्राला उभारी म्हणून वर्षभर अधिमूल्यात 50 टक्के सूट दिली, आणि बदल्यात घर घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क विकासकानं भरावं अशी अट घातली. म्हणजे सुटीचा थोडा तरी वाटा ग्राहकाच्या पदरात पडावा, हे आपल्याला सुचलं. चाळीतला भाडेकरू मात्र तेव्हा कोणाला आठवला नाही.

अंधाराचा परिणाम काय होतो, तेही माझ्यासारख्याच्या वहीवरून ठरवू नका. गोवंडी-मानखुर्दमध्ये पुनर्वसनासाठी बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या वसाहतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी केला. इमारती एकमेकींना खेटून असल्यानं जिथं उजेड-वारा पोचत नाही, तिथं क्षयरोगाचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी पैसे एमएमआरडीएनं, म्हणजे सरकारी यंत्रणेनंच दिले होते. त्या इमारती आजच्या टॉवरांपेक्षा कितीतरी ठेंगण्या होत्या. आपण आता तीच फट बावीस आणि अठ्ठेचाळीस मजल्यांच्या मध्ये मंजूर करत आहात.

बाकीची गाऱ्हाणी थोडक्यात लिहितो. ती लहान आहेत म्हणून नव्हे, इतरांनीही मांडली आहेत म्हणून.

पहिलं गॅलरीचं. आमच्या चाळीत खोली दहा बाय बाराची असली तरी पुढे गॅलरी होती आणि तिच्यातून आरपार वारा वाहायचा. नव्या इमारतीत मधोमध बंद बोळ, दोन्हीकडे दारं. बोळात दिवसाही दिवे जळतात आणि त्यांचं बिल सोसायटी भरते. बाल्कन्या आणि फ्लॉवरबेडच्या नावाखाली चाललेली लबाडी 2012 मध्ये तत्कालीन आयुक्त सुबोध कुमार यांनी बंद केली. सगळं चटई क्षेत्रात, म्हणजे परवानगीच्या बांधकामात (एफएसआय), मोजायचं आणि त्याऐवजी 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरायचा जादा, एफएसआय द्यायचा, असं ठरलं. मला तेव्हाही ते योग्य वाटलं होतं आणि आजही वाटतं. लबाडी कशी चालायची ते मीच काढायचो ना! पण त्याचा परिणाम असा झाला की मोकळी गॅलरी काढणं कोणालाच परवडेना. 300 चौरस फुटांवर 35 टक्के चढले की 405 होतात, आणि 405 हा आकडा सभेत टाळ्या घेतो. ‘350 आणि एक उघडी गॅलरी’ असं म्हणून कोणाला सह्या मिळत नाहीत. नियमानं सामायिक उघडी गॅलरी पुनर्वसनाच्या इमारतीत मोजणीतून वगळली, तर निदान तसा नकाशा काढायची सोय तरी होईल.

दुसरं मैदानाचं. नियमाप्रमाणे सोडायचं खेळाचं मैदान जमिनीवरच हवं, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, नको, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2013 मध्ये सांगितलं. 2018 च्या नियमावलीनं त्यातला काही भाग पुन्हा पोडियमवर चढवायला वाट करून दिली. आमच्याकडे पोडियमवर बाग आहे. तिचं फाटक टॉवरकडून उघडतं. आमची पोरं रॅम्पवर क्रिकेट खेळतात आणि गाडी आली की ‘गाडी!’ म्हणून ओरडून बाजूला होतात.

आगीबद्दल लिहायचं टाळणार होतो, पण 6.40 मीटरच्या त्या फटीत उद्या दुचाकी लागणार हे मला दिसतंय. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावात पुनर्वसनाच्याच एका इमारतीला पहाटे खालून आग लागली. पार्किंगमधल्या गाड्या आणि सामान पेटलं, धूर जिन्यानं वर चढला आणि किमान सात माणसं गेली. ताडदेवला 22 जानेवारी 2022 ला वीस मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर आग लागली. 24 मीटरच्या वर रिफ्यूजची, म्हणजे आगीत माणसांनी जमून थांबायची, जागा सोडायची, पुढे दर सात मजल्यांनी पुन्हा सोडायची, हा नियम कागदावर पक्का आहे. आमच्या रिफ्यूजमध्ये सध्या चार कपाटं, एक मोडका सोफा आणि मंडळाचं मखर आहे. ही चूक आमची, तुमची नाही. पण बाराशे माणसांच्या इमारतीला सामान ठेवायला दुसरी एकही जागा नकाशात नव्हती, हेही लिहून ठेवतो.

लिफ्ट आणि मेंटेनन्स हा खरा जीवघेणा विषय. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीच्या पुनर्विकासात विकासकानं दहा वर्षांच्या देखभालीला पुरेल असा कॉर्पस फंड (ठेव) द्यायचा, असं विकास नियमावलीच्या नियम 33(7) मध्येच आहे. दहा वर्षं आमची 2024 मध्ये संपली. निधीचं व्याज त्याआधीच पुरेनासं झालं होतं. तीन लिफ्टपैकी एक बंद आहे, दुसरीचा दोर बदलायचा आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, त्याबद्दल मनापासून आभार. पण मेंटेनन्स माफ करणारं कोणी नाही. चाळीचं भाडं महिना 90 रुपये होतं. आता बिल 3,100 येतं आणि माझी प्रॉव्हिडंट फंडाकडून मिळणारी ईपीएसची पेन्शन त्याहून कमी आहे. आमच्या मजल्यावरच्या बारा घरांपैकी चार घरं भाड्यानं देऊन मूळ माणसं बदलापूर-विरारकडे गेली. ती गेली ती हौसेनं नाही. इमारत जेवढी उंच तेवढी ती चालवायला महाग, हे सही घेताना आम्हाला कोणी आकड्यात सांगितलं नव्हतं.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 40 मजली इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत गेले, आनंदच आहे. माझे दोन मित्र त्यांत आहेत. त्या इमारतींचं दहा-बारा वर्षांनी काय होतं, ते आपण आजपासून नोंदवून ठेवावं अशी विनंती आहे. आमच्यासारख्यांचं काय झालं ते कोणी नोंदवलं नाही.

आता मागण्या. एकही मागणी अशी नाही की ज्यासाठी विधिमंडळात कायदा करावा लागेल.

1. संमतीपत्रावर सही घेण्याआधी पुनर्वसन आणि विक्री या दोन्ही इमारतींमधून जाणारा सेक्शन चाळीच्या फळ्यावर 30 दिवस लावावा. त्यावर दोन भिंतींमधलं अंतर, दोन्ही उंच्या आणि सर्वांत खालच्या मजल्याच्या खिडकीतून दिसणारा आकाशाचा कोन मराठीत, ठळक आकड्यांत लिहावा. प्लॅनमध्ये खोली दिसते, फट दिसते ती सेक्शनमध्येच. 22 डिसेंबरला कोणत्या खोलीत किती वेळ ऊन येईल, हे आजच्या सॉफ्टवेअरवर पोरगासुद्धा दहा मिनिटांत काढतो. तो तक्ताही सोबत लावावा. दुरुस्ती मंडळानं एनओसी देताना हा कागद मागावा, एवढंच.

2. पुनर्वसनाच्या इमारतीतल्या राहत्या खोलीच्या खिडकीसमोरची कमतरता अधिमूल्य घेऊन माफ करणं बंद करावं. जिन्याच्या, संडासाच्या, कोऱ्या भिंतीच्या बाजूला द्या सूट, आम्ही बोलणार नाही. राहत्या खोलीसमोर नको.

3. भूखंड खरोखरच चिंचोळा असेल आणि सूट देणं भागच असेल, तर आधी रहिवाशांची सुनावणी घ्यावी, कारण लेखी द्यावं आणि अधिमूल्याची पूर्ण रक्कम त्या इमारतीच्या कॉर्पस फंडात जमा करावी. ज्याच्या घरात दिवसा दिवा जळणार, निदान त्याच्या दिव्याचं बिल तरी त्यातून भरलं जाईल.

4. सामायिक उघडी गॅलरी पुनर्वसनाच्या इमारतीत चटई क्षेत्रातून वगळावी. ती पुढे बंद केली तर काय दंड, तोही त्याच नियमात लिहावा, कारण आमची माणसं ती बंद करायला बघतील हे मला ठाऊक आहे.

5. संमती घेतानाच दहाव्या आणि पंधराव्या वर्षाचा दर घरामागचा अंदाजे मासिक खर्च लेखी द्यावा. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि रंगकाम धरून. कॉर्पस फंडाची रक्कम त्या आकड्यावरून ठरावी.

6. आधी मंजूर झालेल्या पण जोत्याच्या वर न गेलेल्या प्रकल्पांना पहिली मागणी लागू करावी. माझ्या इमारतीचं आता काही होणार नाही. जोत्यावर असलेल्याचं अजून होऊ शकतं.

वास्तुरचनाकार मंडळींना एक ओळ, कारण तीही हे वाचतील. साहेब, तुमच्या ऑफिसात मी चहा प्यायलोय. भूखंडावर दोन इमारती कशा बसवायच्या, याचे दोन-तीन पर्याय तुम्ही पहिल्या आठवड्यात काढता, हे मला माहीत आहे. त्यांतल्या एकात पुनर्वसनाला नीट उजेड मिळतो आणि विक्रीची चारसहा घरं कमी होतात. तो कागद टोपलीत जातो. मीच टाकायचो.

शेजारच्या चाळीतल्या लोकांना मी ‘सही करू नका’ असं सांगितलेलं नाही. त्यांच्या जिन्याला टेकू लावलेत. त्यांनी किती वर्षं थांबायचं, हे सांगणारा मी कोण? मी त्यांना एक पान काढून दिलं : माझ्या अंदाजानं काढलेला सेक्शन, पेन्सिलीनं, 1:500 मापात. सभेत ते दाखवल्यावर विकासकाच्या प्रतिनिधीनं ‘हे अधिकृत नाही’ असं सांगितलं. ते बरोबरच आहे. अधिकृत सेक्शन आपल्या इमारत प्रस्ताव विभागाच्या फायलीत आहे. सभा तीन आठवडे पुढे ढकलली गेली आहे. त्याआधी त्या सेक्शनची एक प्रत चाळीच्या फळ्यावर लागावी, म्हणून हे पत्र.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
नववा मजला, पुनर्वसन इमारत, लालबाग